पुसलेली फाइल आणि अभावाचे चार प्रकार

एमएस-डॉस या संगणकप्रणालीत फाइल पुसण्याची आज्ञा दिली, तरी फ्लॉपीवरचा मजकूर पुसला जात नाही. बदलतात त्या फक्त दोन ठिकाणच्या नोंदी: फायलींच्या सूचीतली आणि त्यांच्या जागांच्या तक्त्यातली. मजकूर आहे तिथेच राहतो, तरीही फाइल ‘नाही’ असे प्रणाली सांगते. पुसलेल्या आणि बिघडलेल्या फायली परत मिळवण्याची सगळी विद्या या ‘नाही’च्या अर्थावर उभी आहे.

‘नाही’ म्हणजे नेमके कोणत्या प्रकारचे नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बारकाईने हाताळला आहे. न्याय-वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय यांच्या पंक्तीला सातवा म्हणून अभाव बसतो. त्याचे प्रकार चार: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. फायलीच्या नाशाचा विचार या चौकटीत केला, की नाश ही एकच एक घटना नसते हे दिसू लागते.

नाव, क्रम आणि द्रव्य

सव्वापाच इंची, ३६० केबीची फ्लॉपी उदाहरणाला सोयीची आहे. तिच्यावर ५१२ बाइटांचा एक असे ७२० सेक्टर असतात. पहिल्या १२ सेक्टरांत संगणक सुरू करण्याची नोंद, फाइल ॲलोकेशन टेबल म्हणजे ‘फॅट’ या तक्त्याच्या दोन प्रती आणि मूळ सूची एवढे मावते. उरलेल्या ७०८ सेक्टरांच्या जोड्या लावून १,०२४ बाइटांचे ३५४ क्लस्टर होतात. मजकूर राहतो तो या क्लस्टरांत.

सूचीत ११२ नोंदींना जागा असते. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची. तिच्यात फायलीचे नाव, शेवटचा बदल झाल्याची वेळ व तारीख, फायलीचा आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असतो. पुढचे क्लस्टर कोणते, हे मात्र सूचीला ठाऊक नसते. ते फॅट सांगतो. विसाव्या घरात २१ लिहिलेले असेल, तर विसाव्या क्लस्टरनंतर एकविसावा वाचायचा. एकविसाव्यात २२ असेल, तर पुढे बाविसावा. शेवटच्या घरात समाप्तीची खूण. मोकळ्या क्लस्टरच्या घरात शून्य असते.

म्हणजे फाइल तीन ठिकाणी विभागलेली असते. सूचीत तिचे नाव, फॅटमध्ये तिचा क्रम आणि क्लस्टरांत तिचे द्रव्य. पुसण्याच्या आज्ञेने नावाचे पहिले अक्षर जाते आणि त्या जागी २२९ हा अंक बसतो. साखळीतल्या सगळ्या घरांत शून्य भरले जाते. द्रव्याला हातही लागत नाही. नावाची उरलेली अक्षरे, तारीख, आकार, पहिल्या क्लस्टरचा क्रमांक हे सारे शाबूत राहते. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये आलेली ‘अनडिलीट’ ही आज्ञा नावाच्या आरंभी प्रश्नचिन्ह दाखवून वापरणाऱ्याला पहिले अक्षर विचारते, ते यामुळेच. ते अक्षर फ्लॉपीवर कुठेच उरलेले नसते. ते माणसाच्या आठवणीतूनच यावे लागते.

दोन प्रकारचे रिकामेपण

मडके घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव मातीत असतो, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही. मडके तयार झाले की तो संपतो. मडके फुटल्यावर जो अभाव सुरू होतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. दोन्ही वेळी मडके नसते, पण पहिल्या ‘नाही’ला भविष्य असते आणि दुसऱ्याला भूतकाळ.

डॉसच्या सूचीत हा भेद अक्षरशः कोरलेला आहे. नोंदीचा पहिला बाइट शून्य असेल, तर ती जागा कधीच वापरली गेलेली नाही. तो २२९ असेल, तर तिथे एक नाव होते आणि ते पुसले गेले. एक प्रागभावाची खूण, दुसरी प्रध्वंसाभावाची. डॉसच्या आधीच्या सीपी/एम प्रणालीत मात्र कोऱ्या फ्लॉपीवर सर्वत्र २२९ हाच अंक भरण्याचा प्रघात होता आणि पुसलेल्या नोंदीलाही तोच लावला जाई. कोरे आणि पुसलेले यांची खूण एकच. १९८३ च्या पीसी डॉस २.० मध्ये शून्याची वेगळी खूण रूढ झाली, ती शोध लवकर संपावा म्हणून: कधीच न वापरलेली नोंद भेटली की पुढे काही नाही हे नक्की, मग उरलेली सूची चाळायचे कारण नाही.

फॅटला हा भेद अजिबात माहीत नाही. कधीच न वापरलेला क्लस्टर आणि काल पुसलेल्या फायलीचा क्लस्टर, दोघांच्याही घरात शून्यच. सूची भूतकाळ जपते, फॅट तो विसरतो. फाइल परत मिळवताना बहुतेक अडचणी येतात त्या या विस्मरणातून.

उरलेले दोन अभावही याच तक्त्यात सापडतात. खराब पृष्ठभागाच्या क्लस्टरपुढे एक वेगळा अंक लिहिला जातो आणि तिथे पुन्हा कधीही फाइल ठेवली जात नाही. वायूत रूप तिन्ही काळी नसते तसा हा अत्यंताभाव म्हणता येईल, मात्र दृष्टान्त थोडा सैल आहे: तो पृष्ठभाग पूर्वी चांगला असू शकतो. अन्योन्याभाव म्हणजे ‘घट हा पट नव्हे’ असा परस्परभेद. दोन फायलींच्या साखळ्या एकाच क्लस्टरवर येऊन मिळाल्या, तर ‘चेकडिस्क’ ही आज्ञा तशी तक्रार नोंदवते. एक फाइल म्हणजे दुसरी नव्हे, हा नियम तिथे मोडलेला असतो. त्या क्लस्टरचा खरा धनी कोण, हे मजकूर वाचूनच ठरवावे लागते.

दिसत नाही म्हणून नाही?

सूची पाहण्याची आज्ञा दिल्यावर पुसलेली फाइल दिसत नाही. या न दिसण्यावरून ती नाही असा निष्कर्ष काढता येतो का? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी तसे मानले नाही. पण एका अटीवर दोन्ही पक्ष ठाम आहेत. वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर ती नाही हे कळते. अंधारात दिसली नाही, तर काहीच कळत नाही.

सूचीची आज्ञा ही अट पाळत नाही. ‘लपलेली’ अशी खूण केलेली फाइल पूर्ण सुस्थितीत असूनही ती आज्ञा दाखवत नाही. २२९ ने सुरू होणारी नोंद तर ती ओलांडूनच जाते. तिचे मौन हे अंधारातले न दिसणे आहे. क्लस्टर एकेक करून थेट वाचणारे साधन, जसे १९८२ पासूनच्या नॉर्टन युटिलिटीजमधले, त्या अंधारात दिवा नेते.

फाइल नष्ट झाली होती का?

सांख्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त सत्कार्यवाद मांडला आहे: कार्य कारणात आधीपासून असते, उत्पत्ती म्हणजे त्याचे प्रकट होणे. त्याच न्यायाने नाश म्हणजे कार्याचे कारणात परत लपणे. या मताने पुसलेली फाइल तिरोहित झाली आणि अनडिलीटने तिचा आविर्भाव झाला. नवे काही घडलेले नाही.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली संपूर्ण वस्तू, अवयवांच्या बेरजेहून वेगळा असतो. वस्त्राचे समवायी कारण तंतू, असमवायी कारण तंतूंचा संयोग. द्रव्याचा नाश दोन वाटांनी होतो: तंतू जळाले तरी वस्त्र जाते, आणि तंतू शाबूत राहून नुसता त्यांचा संयोग उसवला तरीही जाते. क्लस्टर हे तंतू आणि फॅटमधली साखळी हा संयोग मानला, तर साखळीत शून्ये भरली गेली त्याच क्षणी फाइल संपली. क्लस्टर उरले म्हणजे फाइल उरली असे होत नाही. पुन्हा जोडून जी मिळते, ती त्याच धाग्यांची पण दुसरी फाइल. कारण प्रध्वंसाभावाला अंत नसतो.

बौद्धांना मुळात अवयवीच मान्य नाही. ‘मिलिंदपञ्हा’त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचा दाखला देतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि सगळ्यांखेरीज वेगळा रथही नाही, ‘रथ’ ही अवयवांवर बसवलेली सोयीची संज्ञा आहे. फाइलही तशीच. ‘हीच ती माझी फाइल’ अशी जी ओळख पटते, ती कापून पुन्हा वाढलेल्या केसांना ‘तेच केस’ म्हणण्यासारखी. सादृश्यामुळे एकत्वाचा भास होतो, इतकेच.

वापरणाऱ्याच्या अनुभवाशी सांख्यांचे उत्तर सर्वांत जवळचे वाटते. परत आलेल्या फायलीला कुणी ‘दुसरी फाइल’ म्हणत नाही. पण तेच क्लस्टर दुसऱ्या फायलीला दिले गेले आणि जुन्या मजकुरावर नवा लिहिला गेला, की सांख्यांचे उत्तर अपुरे पडते. डॉसच्या कोणत्याही साधनाने आता तो मजकूर परत येणार नाही. इथे धागेच जळाले आहेत. लपलेले आणि संपलेले यांतला फरक सांगायचा, तर नैयायिकांचा प्रध्वंस हवाच. पुसल्यापासून पुढच्या लेखनापर्यंतची अवस्था तिरोभावाची, त्यानंतरची प्रध्वंसाची. आणि ही सीमा फायलीत कुठेच नसते. ती ठरते त्या जागी नंतर काय लिहिले जाते यावर.

जुळवणीतला भ्रम

क्रम हरवल्यावर तो अंदाजाने बांधावा लागतो. ३,५०० बाइटांची एक फाइल घेतली, तर तिला चार क्लस्टर लागतात: तीन पूर्ण, म्हणजे ३,०७२ बाइट, आणि चौथ्यात ४२८ बाइट. समजा, तिची साखळी २०, २१, २२ आणि मग एकदम ३५ अशी होती; फाइल लिहिताना तेविसावा क्लस्टर दुसऱ्या एका पत्राकडे होता. पुढे ते पत्रही पुसले गेले आणि ही फाइलही. आता २० ते २३ आणि ३५, सगळ्यांपुढे शून्य.

अनडिलीटपाशी दोनच पुरावे आहेत: आरंभ विसाव्या क्लस्टरला आणि आकार ३,५०० बाइट. त्यावरून चार क्लस्टर हवेत एवढे कळते. ते सलग असावेत असे गृहीत धरून साधन २०, २१, २२, २३ अशी साखळी बांधते. फाइल परत येते. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार एका बाइटानेही चुकलेला नाही. फक्त शेवटचे ४२८ बाइट दुसऱ्याच पत्रातले आहेत. खरा शेवट पस्तिसाव्या क्लस्टरमध्ये जसाच्या तसा पडून आहे.

नैयायिकांनी भ्रमाची जी उपपत्ती दिली, तिला याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा ती चांदी शून्यातून येत नाही. खरी चांदी दुसरीकडे असते. चूक होते ती ‘इथे’ म्हणण्यात. ही अन्यथाख्याती. जुळलेल्या फायलीचा प्रत्येक बाइट कुठल्या ना कुठल्या खऱ्या फायलीचा आहे. खोटे आहे ते त्यांचे एकत्र असणे.

ही चूक साधनाला कळत नाही, कारण त्याच्या सर्व कसोट्या पार पडलेल्या असतात. न्यायमताने ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानाच्या पोटातून कळत नाही. ते बाहेरून, त्यावर आधारलेली कृती सफल होते की नाही यावरून पडताळावे लागते. पाणी दिसले आणि तहान भागली, तर पाणी खरे. परत मिळवलेल्या फायलीची कसोटीही हीच: ती उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे.

नाव नसलेले द्रव्य

वीज अचानक गेली किंवा कार्यक्रम मध्येच बंद पडला, तर उलटा प्रकार घडतो. फॅटमध्ये साखळी उरते, पण सूचीत तिला नाव नसते. चेकडिस्क अशा अनाथ साखळ्या शोधून त्यांच्या फायली करू का, असे विचारते. होकार दिला की नुसत्या अनुक्रमांकाच्या नावाच्या फायली तयार होतात. द्रव्य आहे, क्रम आहे, ओळख नाही.

डॉसमधली ‘रिकव्हर’ ही आज्ञा याच बाबतीत कुप्रसिद्ध झाली. एका फायलीवर चालवली, तर ती खराब सेक्टर वगळून उरलेला मजकूर वाचवते. संपूर्ण चकतीवर चालवली, तर मात्र सगळ्या फायलींची नावे जाऊन त्यांच्या जागी अनुक्रमांक येतात आणि उपसूच्यांची मांडणी मोडते. द्रव्य वाचवताना नामाचा सर्वनाश. धडधाकट चकतीही अशा उपचाराने निकामी होई. पुढे एमएस-डॉस ६ मधून ही आज्ञा काढून टाकण्यात आली. रथाला नागसेनाच्या मते केवळ संज्ञेपुरतेच अस्तित्व असेल, पण संज्ञा गेली की रथ कुणाला जुंपता येत नाही, हे या आज्ञेने दाखवून दिले.

ज्याचा अभाव तो कोण

फ्लॉपीवरचा चुंबकीय थर खरवडला किंवा दमट हवेत त्यावर बुरशी धरली, तर नुकसान द्रव्यालाच पोचते. प्रत्येक सेक्टरमागे एक पडताळा-अंक नोंदलेला असतो. वाचलेल्या मजकुरावरून काढलेला अंक त्याच्याशी जुळला नाही, की प्रणाली चूक झाल्याचे सांगून थांबते.

हा अंक ‘इथे मूळ मजकूर नाही’ एवढेच सांगतो. मूळ मजकूर काय होता, ते सांगत नाही. न्यायशास्त्रात अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि प्रतियोगी माहीत असल्याशिवाय त्याचा अभाव ओळखता येत नाही. पडताळा-अंकापाशी प्रतियोगीचे ज्ञान जेमतेम आहे: मजकूर बदलला आहे हे ओळखण्यापुरते पुरेसे, तो परत आणण्यास अपुरे. उरलेले ज्ञान बाहेरूनच यावे लागते, दुसऱ्या प्रतीतून किंवा आठवणीतून.

प्रत म्हणजे तीच का?

प्रतीने मूळ फाइल परत मिळते का, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचे एकमत होणार नाही. मीमांसकांना शब्द नित्य आहे. दहा वेळा ‘गाय’ म्हटले, तरी शब्द दहा होत नाहीत. उच्चार त्या एकाच शब्दाला प्रकट करतात. त्यांच्या मते दुसऱ्या फ्लॉपीवरचा मजकूर तोच मजकूर. नैयायिकांना प्रत्येक उच्चार वेगळा, फक्त सजातीय. संहिता हवी असणाऱ्याला पहिले मत पुरते. फ्लॉपीवरची तारीख आणि रचना पुरावा म्हणून हवी असणाऱ्याला दुसरेच मानावे लागते.

नुसती दुसरी प्रत असणे मात्र पुरेसे नाही. डॉस फॅटच्या दोन प्रती ठेवतो, पण फाइल पुसताना दोन्हींत शून्ये भरतो. मुळाबरोबर चुकणारी प्रत संरक्षण देत नाही. प्रतीला आश्रय वेगळा हवा. मराठीत याचे जुने उदाहरण ‘लीळाचरित्रा’चे आहे. म्हाइंभटांची मूळ पोथी यादव राज्य मोडण्याच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणूनच या ग्रंथाच्या एकाहून अधिक पाठपरंपरा झाल्या. द्रव्य गेले तरी संस्कार, म्हणजे स्मृतीतला ठसा, दुसऱ्या आश्रयात उरला होता. आणि संस्कारातून आलेल्या संहितेला पाठभेद अटळ असतात.

सगळे बाइट परत मिळाले, तरी एक हानी उरू शकते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे मानक ठरले, आणि सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर डॉसमध्ये मराठी मजकूर लिहिता येई. तशी फाइल पूर्ण शाबूत मिळाली, पण संकेत जाणणारे कार्ड किंवा परिवर्तक नसला, तर पडद्यावर रेघा, चौकटी आणि युरोपीय अक्षरांची खिचडी दिसते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक की संकेताने ठरलेला, हाही मीमांसक-नैयायिकांचा जुना वाद. बाइट आणि अक्षर यांच्या बाबतीत तरी नैयायिकांचा पक्ष निर्विवाद ठरतो: संकेत हरवला की नाव, क्रम आणि द्रव्य तिन्ही असूनही मजकूर मुका राहतो.

काही न करण्याचा नियम

या विवेचनातून उपायांचा क्रमही ठरतो. नाव गेले असेल तर ते माणसाने पुरवावे; क्रम गेला असेल तर तो अनुमानाने बांधून वाचनाने पडताळावा; द्रव्य गेले असेल तर वेगळ्या आश्रयातली प्रत शोधावी; संकेत गेला असेल तर त्याचा जाणकार. यांपैकी काय गेले हे ठरेपर्यंत मात्र एकच नियम चालतो: त्या चकतीवर काहीही लिहू नये. फाइल परत मिळवण्याचे साधनसुद्धा त्याच चकतीवर उतरवू नये, कारण फॅटच्या लेखी रिकामी असलेली जी घरे त्याला मिळतील, त्यांतच हरवलेली फाइल पडून असू शकते.